वॉर्ड सुरू झाले आणि अभ्यास, झोप, मित्र सगळंच विस्कटलं - तुम्ही कसं जमवता?

अर्धवट_झोप
बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

तिसऱ्या वर्षाला आहे, मेडिकल. पहिली दोन वर्षं सोपी होती असं नाही पण त्यात एक बरं होतं, पुस्तक असायचं, परीक्षेची तारीख असायची आणि मधे किती दिवस उरलेत ते कळायचं. आता क्लिनिकल पोस्टिंग (वॉर्डात जाऊन शिकणं) सुरू झालंय आणि कशाचा कशाला मेळ नाही. सकाळी राऊंड, तो कधी संपेल ते राऊंड घेणाऱ्यालाही माहीत नसतं, मग लेक्चर, मग केस घ्यायला, म्हणजे पेशंटला विचारून-तपासून लिहायला, परत वॉर्डात, तिथे पेशंट एक्स-रेला गेलेला, मग थांबा, तो आला की त्याचे नातेवाईक भेटायला आलेले, मग परत थांबा. रूमवर येईपर्यंत पाय बोलायला लागतात. पुस्तक उघडलं की त्याच पानावर डोकं.

शाळेतल्या मैत्रिणी आता मला विचारतही नाहीत येणार का म्हणून, हिची ड्युटी असेल असं धरूनच प्लॅन करतात. आणि सुट्टी मिळाली तरी मजा येत नाही हो, बाहेर असले की वाटतं वाचायला हवं होतं आणि वाचत बसले की वाटतं सगळे बाहेर आहेत आणि मी इथे.

टाइमटेबल सुचवू नका प्लीज. टाइमटेबलं करून झालीत, रंगीत पेनांनी केलेलीसुद्धा.

काठावर_पास
जमतं असं कुणी सांगितलं तुला? :)
वाचतोय.

दुपारची_ओपीडी
टाइमटेबल नको म्हणालीस ते बरं केलंस, वॉर्डात ते चालतच नाही. (मेडिसिनला रेसिडेंट आहे, वॉर्डात राबणारा पीजी डॉक्टर, म्हणजे तुला थांबायला लावणाऱ्यांपैकीच एक.)

मला काय वाटतं सांगू, तू वॉर्ड हा एक विषय आणि अभ्यास हा दुसरा विषय असं धरून चाललीयेस. दिवसभर वॉर्ड करायचा आणि मग रात्री 'खरा' अभ्यास पहिल्या पानापासून सुरू. असं केलं तर दिवसाला तीस तास लागतील. त्यापेक्षा आज जो पेशंट बघितलास तोच आजचा धडा, बाकीचं आज नाही.

समज आज असायटिसचा (पोटात पाणी साठलेला) पेशंट घेतलास. पोट फुगलंय, पायावर सूज, डोळे पिवळे. शिफ्टिंग डलनेस (कुशीवर वळवून, पोटावर ठोकून पाणी ओळखणं) करून बघितलास, कळलं नाही, रेसिडेंटने हात धरून दाखवलं. आता रात्री लिव्हरचं अख्खं प्रकरण वाचत बसू नकोस. त्याच माणसाबद्दल दोन-तीन प्रश्न काढ. पोटात पाणी का साठलं? सुईने काढलेलं पाणी लॅबला गेलं, त्यात काय बघतात? मग तुला सापडेल की रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करतात आणि फरक १.१ किंवा त्याहून जास्त आला तर पोर्टल हायपरटेन्शन (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला वाढलेला दाब) धरतात. पाण्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २५० च्या वर असतील तर इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू, कल्चरच्या रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी औषधं १०० ला ४० अशा जोडीने का देतात, तर एक पोटॅशियम वाढवतं आणि दुसरं घालवतं. एवढं सगळं पाऊण तासात होतं. दुसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी त्याची फाइल उघड, तुझं उत्तर बरोबर होतं का ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि रेसिडेंटला त्यावर एक प्रश्न विचार, एकच, आम्हालाही पाच मिनिटं हुशार असल्यासारखं वाटतं.

असं आठवड्यात चार पेशंट झाले तरी पुष्कळ आहे.

पेन_हरवलं
ओपीडी भाऊ, मेडिसिनला हे छान आहे हो. सर्जरीच्या पोस्टिंगला या आमच्याकडे. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) टेबलाभोवती एवढी माणसं असतात की मला सर्जनची पाठ ओळखता येते, ऑपरेशन नाही. आणि वॉर्डात जे येतं तेच दिसणार ना? फिओक्रोमोसायटोमासारखी दुर्मिळ गाठ माझ्या पोस्टिंगच्या महिन्यात मुहूर्त काढून येणार आहे का, पण पेपरात ती हमखास येते.

त्यामुळे पेशंटवरून वाचा हे मान्य पण त्याच्या जोडीला प्रश्न सोडवणं लागतंच, आणि ते वाचण्याच्या जागी, वाचून झाल्यावर नाही. मी फायनलला आहे, गेलं वर्षभर हेच करतोय. पुस्तक बंद करायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून बघायचं काय राहिलं. याच्यावर रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा एक प्रयोग आहे, मुलांना उतारे दिले, काहींनी तेच परत परत वाचलं आणि काहींनी न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे रात्री तेच पान परत वाचून जे 'येतंय येतंय' वाटतं ना ते पाच मिनिटांपुरतंच असतं.

फ्लॅशकार्डचं अ‍ॅप वापरत असशील तर रोजची नवीन कार्डं कमी ठेव, खूप कमी. वॉर्डच्या दिवसांत आठवडाभर उघडलं नाही की शेकडो कार्डं तुंबलेली असतात आणि ते बघूनच माणूस अ‍ॅप डिलीट करतो. पेशंट एक्स-रेला गेलाय तेव्हा कार्डं कर. रूमवर येऊन करायची नाहीत.

अर्धवट_झोप
@पेन_हरवलं, डिलीट केलंय ते अ‍ॅप, तुम्हाला कसं कळलं :(

@दुपारची_ओपीडी, पटतंय पण आमच्याकडे थांबायचंच किती असतं ते बघा. राऊंड संपला तरी कुणी हलत नाही, पहिला कोण निघणार याची वाट बघत सगळे उभे. मी निघाले तर 'इंटरेस्ट नाही' असा शिक्का बसेल अशी भीती वाटते.

खडूस_काका
शिकवणाऱ्यांपैकी आहे, निवृत्तीला आलोय, तेव्हा आमच्या वेळी आम्ही अमुक करायचो छाप प्रतिसाद अपेक्षित असेल तर निराशा होईल. आमच्या वेळी आम्हीपण भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपायचो.

मुली, शिक्का कशाने बसतो ते सांगतो. न सांगता गायब होण्याने. 'सर, माझी केस लिहून झालीय, लेक्चरपर्यंत वेळ आहे, इथे काही बघण्यासारखं नसेल तर लायब्ररीत जाऊ का?' असं विचारणाऱ्या मुलीला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. उलट दोन वेळा असं घडतं की मी म्हणतो थांब पाच मिनिटं, पलीकडच्या बेडवर प्ल्यूरल टॅप (फुप्फुसाभोवतीचं पाणी सुईने काढणं) आहे, तो बघून जा. म्हणजे विचारल्याचा फायदाच. काही युनिटांत विचारायचीही सोय नसते हे मला माहीत आहे, तिथे रेसिडेंटला विचारायचं, वरपर्यंत जायचं नाही.

पण एक गोष्ट टाळू नका, हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची हकीकत घेणं. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा अभ्यास आला होता. ओपीडीत नव्याने आलेले ८० पेशंट. त्यातल्या ६६ जणांचं निदान रेफर करणाऱ्याची चिठ्ठी वाचून आणि हिस्टरी घेऊनच ठरलं होतं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. तपासणीने आणखी ७ जणांत फरक पडला, लॅबने ७ जणांत. आता स्कॅन आले, आकडे तेच राहतील असं नाही, पण विद्यार्थ्याला जे काम कुणाची परवानगी, यंत्र, ग्लव्ह्ज काहीही न लागता करता येतं ते हे. आणि तेच तुम्ही सिनियरच्या नोट्समधून उतरवून लॉगबुकात चिकटवता. मला कळतं बरं का. सगळ्यांच्या पेशंटला 'तीन दिवसांपासून' ताप असतो.

@पेन_हरवलं, ओटीत पाठच दिसत असेल तर आदल्या संध्याकाळी ओटी लिस्ट बघ, त्यातली एक केस निवड, त्या पेशंटला जाऊन भेट, पोट तपास, ॲनाटॉमी वाच, आणि सकाळी सांग की मी याची हिस्टरी घेतलीय, स्क्रब होऊ का (हात धुऊन टेबलापाशी येऊ का). सगळ्या ऑपरेशनांना मागे उभं राहण्यापेक्षा एकाला पुढे उभा राहा आणि उरलेला वेळ तुझा.

काठावर_पास
'तीन दिवसांपासून ताप' :)) :)) पकडलं गेलोय.

सहज_डोकावले
मी या क्षेत्रातला नाही, पण बहीण डॉक्टर आहे आणि ती शिकत असतानाची वर्षं आम्ही घरच्यांनीही काढलीत म्हणून लिहितो. मित्रांच्या बाजूचं कुणी बोलत नाहीये म्हणून.

आम्हाला राग 'नाही' म्हटल्याचा यायचा नाही. राग यायचा 'बघते', 'जमवते', 'बहुतेक येईन' याचा. आम्ही तिच्यासाठी वेळ बदलायचो, मग ऐनवेळी मेसेज की इमर्जन्सी आली. ती खोटं बोलत नव्हती, खरंच आलेली असायची, पण समोरच्याला सारखं तेच कळत राहतं की आपण उरलेल्या वेळातले आहोत. नंतर तिने एक पद्धत धरली आणि सगळं निवळलं. स्पष्ट सांगायची, या पोस्टिंगच्या महिन्यात मी संध्याकाळची नाही, पण रविवारी सकाळी तासभर नक्की. आणि तो तास ती पाळायची. तासभरच यायची, घड्याळ लावून निघायची, आम्हाला काही वाटायचं नाही.

दुसरं म्हणजे, रागावू नका, तुम्ही लोक भेटलात की हॉस्पिटलबद्दलच बोलता. जेवायला बसल्यावर पू आणि टाके. एखाद दिवस आमचं ऑफिसमधलं रडगाणंही ऐका. बहिणीचं म्हणणं असं की तिला त्या रडगाण्यानेच बरं वाटायचं, कुणी मरत नाहीये अशा गोष्टीवर माणसं एवढी भांडू शकतात याची गंमत वाटायची.

पहाटेचा_गजर
सहज_डोकावले +१. 'संध्याकाळची नाही पण तासभर नक्की' हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मला एक भर घालायचीय. बॅलन्स हा दिवसाचा शोधू नका, आठवड्याचाही नको, पोस्टिंगचा शोधा. सर्जरी, ऑब्स-गायनी (प्रसूती-स्त्रीरोग), मेडिसिन ही पोस्टिंगं माणूस गिळतात, त्यात पोहणं पण होईल आणि गिटार पण होईल असं ठरवलं की दोन्ही होत नाही आणि वर अपराधी वाटतं. त्याच्या उलट स्किन, आय, ईएनटी, रेडिओलॉजी अशा पोस्टिंगांना दुपार मोकळी मिळते आणि ती दुपार बहुतेक जण 'सुटलो बाबा' म्हणून मोबाइलवर घालवतात. वर्षाच्या सुरुवातीला पोस्टिंगचं शेड्यूल हातात येतंच ना, त्यात जड महिने आणि हलके महिने खुणा करून ठेव. हलक्या महिन्यांत मागचा अभ्यास भरून काढ, राहिलेल्या भेटीगाठी कर, ट्रेक कर. जड महिन्यांत फक्त त्या पोस्टिंगचे पेशंट आणि झोप. आणि जड महिना संपताना दोन दिवस काहीही न करण्यासाठी आधीच राखून ठेव, नाहीतर पुढच्या पोस्टिंगला दमलेलीच जाशील.

घर_आणि_वॉर्ड
वाचून छान वाटतंय पण सगळ्यांना हे हलके महिने वगैरे नसतात एवढं नोंदवते. माझं लग्न झालंय, लहान मूल आहे, हलक्या पोस्टिंगच्या दुपारी घरची कामं वाट बघत असतात. सोशल लाइफ हा शब्द वाचून हसू आलं. माझा अभ्यास म्हणजे मूल झोपल्यावर आणि वॉर्डात थांबताना. त्यामुळे वर जे म्हणाले ना की थांबायच्या वेळात कर, ते मी नाइलाजाने करते आणि खरं सांगायचं तर होस्टेलवरच्या मुलींपेक्षा माझी कमी बोंब आहे. उपाय म्हणून नाही सांगत. एवढंच की बॅचमध्ये कुणी अशी असेल तर तिला नोट्स पाठवा आणि ग्रुप स्टडी रात्री दहाला ठेवू नका.

अर्धवट_झोप
@घर_आणि_वॉर्ड, आमच्या बॅचमध्येही एक आहे, आणि आमचा ग्रुप स्टडी रात्री दहालाच असतो. वेळ बदलायचं सुचवते ग्रुपवर.

दुपारची_ओपीडी
झोपेवर कुणीच बोलेना आणि धागाकर्तीचं नावच ते आहे.

पूर्ण रात्र इमर्जन्सीला थांबून सकाळी गाडी चालवत घरी जाणाऱ्यांसाठी: १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी नेचरमध्ये दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, आणि २४ तासांनी साधारण ०.१ टक्क्यासारखी. कित्येक देशांत ०.०५ ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. तर रात्रीनंतर गाडी नको, कुणालातरी सोडायला सांगा किंवा ड्युटी रूममध्ये झोपून मग निघा. रात्रभर थांबून शिकणं होतं हे खरंय, चांगल्या केसेस रात्रीच येतात, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच तास अभ्यास करणार असं ठरवणारा माणूस स्वतःलाच फसवतोय.

खडूस_काका
यावरून आठवलं. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला बघणारे रेसिडेंट लांबच्या लांब ड्युटीवर होते, तिच्या वडिलांनी तो प्रश्न लावून धरला, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने रेसिडेंटचे आठवड्याचे तास ८० वर आणले. पूर्ण अमेरिकेत ती मर्यादा यायला २००३ उजाडलं. म्हणजे दमलेला डॉक्टर हा पेशंटचाही प्रश्न आहे एवढं मान्य करायला आमच्या व्यवसायाला बराच काळ लागला. विद्यार्थ्याने दमणं ही हुशारीची खूण आहे असं मानणारे शिक्षक अजूनही भेटतील. त्यांच्यासमोर वाद घालू नका, मान हलवा आणि जाऊन झोपा.

काठावर_पास
काका खडूस नाहीत हे आता उघड झालंय. आयडी बदला.

रात्रपाळी
मी नर्स आहे, वॉर्डात बरीच वर्षं. विद्यार्थ्यांचं सगळं आमच्यासमोर चालतं म्हणून थोडं लिहिते.

केस घ्यायला सकाळी येऊ नका हो. सकाळी आंघोळी, औषधं, ड्रेसिंग, रक्त काढणं, राऊंड, आणि त्यात तुम्ही सहा जण एकाच पेशंटभोवती. त्यालाही वैताग येतो, मग तो उत्तरं तोडून देतो. संध्याकाळी भेटायची वेळ संपली की वॉर्ड शांत होतो, पेशंट कंटाळलेला असतो, तेव्हा कुणी बसून विचारलं तर तो सगळं सांगतो, सकाळी डॉक्टरांना न सांगितलेलंसुद्धा. अर्ध्या तासात तुमची केस होईल, तीच सकाळी दोन तास घेते. पण येताना आधी आमच्याकडे या, नाव सांगा, कुठल्या बेडला जाऊ विचारा. कोण पेशंट बोलण्याच्या अवस्थेत आहे, कुणाला आत्ताच वाईट बातमी कळलीय हे आम्हाला माहीत असतं.

आणि दमलेले असताना सुई हातात घेऊ नका. रक्त काढून झाल्यावर घाईत टोपण लावताना टोचते, हे मी नेहमी बघते. टोचली तर लपवू नका! मुलं लपवतात, ओरडा बसेल म्हणून. साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, घाबरून जाण्यासारखं नाही, पण त्यावरच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या, पहिल्या काही तासांतच, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तो धोका याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. वॉर्ड सुरू झालेत आणि लसीचे तीन डोस झाले नाहीत असं कुणी इथे असेल तर हा धागा बंद करा आणि आधी ते करा.

पेन_हरवलं
सिस्टर, संध्याकाळचं हे सोनं आहे. वरच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ यानेच वाचेल.

नाडीपरीक्षा
उशिरा आले, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मनात अडकलंय. (सायकिअ‍ॅट्रीत आहे, त्यामुळे अडकणारच.)

'सुट्टी मिळाली तरी मजा येत नाही.' धागाकर्ती, यावर सगळ्यांनी वेळेचे उपाय दिले, आणि ते चांगले आहेत, पण मला आधी विचारायचंय की हे नेमकं कसं आहे. बाहेर गेल्यावर अभ्यासाची टोचणी लागते म्हणून मजा येत नाही, की पूर्वी ज्यात मजा यायची त्यातच काही वाटेनासं झालंय? पहिलं असेल तर वर लिहिलेलं उपयोगी पडेल. दुसरं असेल, आणि दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ तसंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण इथे नकोच होतो असं वाटत असेल, तर तो टाइम मॅनेजमेंटचा विषय राहत नाही, कुणालातरी दाखवायचा विषय होतो.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. २०१६ मध्ये जामा या जर्नलमध्ये ४३ देशांतल्या मेडिकल विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले होते. २७.२ टक्के मुलांत डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं आढळली, ११.१ टक्के मुलांना आत्महत्येचे विचार येऊन गेलेले. यातले बरेच अभ्यास प्रश्नावली भरून घेऊन केलेले, म्हणजे प्रत्येकाला आजारच होता असं नाही, लक्षणं होती. पण मला त्यातला तिसरा आकडा जास्त लागतो. ज्यांच्यात डिप्रेशन दिसलं त्यांच्यातल्या फक्त १५.७ टक्क्यांनी उपचार घेतले. रोज हॉस्पिटलात वावरणारी ही मुलं. ओपीडीचा रस्ता कुणाला सापडत नाही असं नाही, ओळखीचं कुणी बघेल ही भीती असते. ती भीती असेल तर आपलं कॉलेज सोडून दुसरीकडे जा, फोनवर बोला, पण जा. आणि जीव नकोसा होण्याचे विचार असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी, त्याच रात्री कुणालातरी उठवा.

पहिली डेथ बघितल्यावर काय होतं यावरही कुणी लिहीत नाही. सकाळी जिची हिस्टरी घेतली ती संध्याकाळी बेडवर नसते, आणि पुढच्या मिनिटाला 'चला नेक्स्ट'. ते कुणाशीतरी बोलून टाकायचं असतं. पार्टनरपाशी, बॅचमेटपाशी, कुणीही चालेल, फक्त पेशंटची ओळख कळेल असं काही सांगू नका.

अर्धवट_झोप
@नाडीपरीक्षा, थँक्यू, खरंच. मी विचार केला यावर. माझं पहिलं आहे, टोचणीवालं. गेल्या रविवारी मैत्रिणीकडे गेले होते आणि फोन बॅगेत होता तोपर्यंत मस्त हसत होते, बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी 'मायक्रो किती झालं' विचारलेलं दिसलं आणि संपलं. पण माझ्या रूममेटचं मात्र तुम्ही लिहिलंय त्यातलं दुसरं असावं असं वाटतंय. तिच्याशी बोलते.

नाडीपरीक्षा
बोल. उपाय सांगायची घाई करू नकोस, नुसतं विचार की कसं चाललंय, आणि ती 'ठीक' म्हणाली तर परत एकदा विचार. जायला तयार झाली तर बरोबर जा, वेटिंगमध्ये बसायला सोबत असली की निम्मी अडचण जाते. आणि तिने कुणाला सांगू नको म्हटलं तरी जिवाचा धोका वाटला तर ते वचन पाळायचं नाही.

'मायक्रो किती झालं' विचारणाऱ्या ग्रुपला म्यूट कर. त्याचंही तेवढंच झालेलं असतं.

काठावर_पास
तो विचारणारा मीच असतो आमच्या ग्रुपवर. कुणी जास्त केलेलं नाही ना एवढंच बघायचं असतं. गंभीरपणे सांगतोय, हे वाचणाऱ्या कुणाला माझ्या मेसेजने त्रास झाला असेल तर पुस्तक उघडलेलंही नसतं मी.

अर्धवट_झोप
:) :)
आणखी एक विचारते आणि मग जाते. दोन दिवसांपासून संध्याकाळी जातेय वॉर्डात, रात्रपाळी सिस्टरांनी सांगितलं तसं. एका आजोबांची सीओपीडीची (फुप्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार) केस घेतली, त्यांनी स्वतःहून सांगितलं की इनहेलर बरोबर घेता येत नाही आणि डॉक्टरांना सांगायला लाज वाटते. सकाळी राऊंडला बोलले, त्यांना परत शिकवलं सगळ्यांसमोर. रात्री तेवढंच वाचलं आणि साडेदहाला झोपले, कितीतरी दिवसांनी.

पण पुढचं पोस्टिंग ऑब्स-गायनी आहे, लेबर रूमला रात्री थांबावं लागतं. तिथे एक पेशंट एक दिवस हे कसं चालणार? तिथे तर सारखं कुणीतरी ओरडतंय आणि सगळे धावतात.

पहाटेचा_गजर
तिथे तर जास्त चालतं. प्रत्येक आरोळीला धावलीस की रात्रभरात फक्त बाळाचं डोकं बाहेर येताना दिसेल, तेही खांद्यांच्या मधून, आणि त्याआधी काय झालं ते कळणार नाही. ड्युटीच्या सुरुवातीला एक बाई निवड, शक्यतो पहिलटकरीण, नुकतीच ॲडमिट झालेली. तिची परवानगी घे आणि तिच्याबरोबरच राहा. तिचा चार्ट तू भर, म्हणजे रेसिडेंटच्या देखरेखीखाली, कळा दहा मिनिटांत किती, बाळाचे ठोके, तपासणीत गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय. हल्ली अ‍ॅक्टिव्ह फेज (कळांचा जोराचा टप्पा) पाच सेंटिमीटरपासून धरतात, डब्ल्यूएचओने २०१८ ला तसं सांगितलं आणि २०२० च्या लेबर केअर गाइडमध्येही तेच आहे, जुन्या पुस्तकात चार किंवा तीन दिसेल, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कुठलं सांगायचं ते तुमच्या मॅडमना विचारून घे. त्या बाईची डिलिव्हरी होईपर्यंत थांबलीस की नॉर्मल लेबरचं प्रकरण तुला वेगळं वाचावं लागणार नाही. आणि पाठ चोळून दिलीस, पाणी दिलंस तर तिलाही बरं वाटतं, रात्री तिथे तिच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो.

मैत्रिणींना आधीच सांगून ठेव हा महिना नाही म्हणून.

रात्रपाळी
बरोबर लिहिलंय. फक्त ती झोपली की तूही खुर्चीत डोळे मिटून घे, वेळ आली की आम्ही उठवतो. आणि मोज्यांचा जास्तीचा जोड ने, पाणमोट फुटली की बुटात जातं सगळं.